विहिरीला मळीचा वास येतोय, दाद कुठं मागू?

प्रश्न : आमची विहीर ओढ्याच्या कडेला, कारखान्याच्या डिस्टिलरीच्या खालच्या अंगाला आहे. दिवाळीनंतर पाणी तांबूस झालं. मळीचा वास येतो, जनावरं तोंड लावत नाहीत. बाटली भरून चेअरमन साहेबांना दाखवली, तर म्हणाले, "तुमच्याकडचं पाणी पहिल्यापासूनच खारं आहे." मी कारखान्याचा सभासद आहे, ऊस अजून फडात उभा आहे. काय करावं?
– एक शेतकरी, लातूर जिल्हा

उत्तर : चेअरमन साहेबांचं हे बोलणं मी नोकरीत असताना बरेचदा ऐकलंय. साखर कारखान्याच्या लॅबमध्येच केस पांढरे झाले माझे. त्यात अर्धं खरं असतं, म्हणून ते चालून जातं. आपल्याकडचं काळ्या पाषाणातलं पाणी जडच. नुसता टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा, आकडा दाखवून तुम्ही जिंकणार नाही.

पोटॅशियम तपासा. मळीपासून अल्कोहोल काढल्यावर जो स्पेंटवॉश उरतो, त्यात उसातलं पोटॅश उतरलेलं असतं. आपल्या विहिरींच्या पाण्यात ते एरवी फार कमी. सोबत सीओडी (पाण्यातली घाण किती, हे सांगणारा आकडा) आणि रंगही तपासून घ्या. त्याच दिवशी डिस्टिलरीच्या वरच्या अंगाच्या एखाद्या विहिरीचीही बाटली भरा. दोन अहवाल शेजारी ठेवले की 'पहिल्यापासून खारं' तिथंच गळून पडतं. बाटली त्याच पाण्यानं विसळा, काठोकाठ भरा, बर्फात ठेवून लगेच पोचवा. कोकाकोलाची बाटली नको. तिच्यात साखर राहिली तर सीओडी फुकटचा वाढतो.

कच्च्या स्पेंटवॉशचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन, लिटरला 40 ते 50 हजार मिलिग्रॅमच्या घरात असतो. प्रक्रिया करून नदी-ओढ्यात सोडायच्या सांडपाण्याला साधारण मर्यादा आहे 30 ची. म्हणूनच मळीवरच्या डिस्टिलरीनं सांडपाणी बाहेर सोडायचंच नाही, असा दंडक आहे. ते आटवून बॉयलरमध्ये जाळायचं, नाहीतर प्रेसमडमध्ये, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेल्या गाळात, मिसळून खत करायचं. गडबड होते ती बहुधा लॅगूनच्या, म्हणजे स्पेंटवॉश साठवायच्या तळ्याच्या, फाटलेल्या अस्तरातून, किंवा पावसात भिजलेल्या खताच्या यार्डातून.

तुमच्या बाटलीनं संशय पक्का होईल, पण कारखान्यावर कारवाईसाठी नमुना लागतो तो प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या माणसानं घेतलेला. 1974 च्या जलप्रदूषण कायद्याच्या कलम 21 प्रमाणे, कारखान्याला नोटीस देऊन, दोन भाग करून, सील आणि सह्या करून. म्हणून अर्जात 'वास येतो' एवढंच लिहू नका. नमुना घेण्याची आणि लॅगूनची पाहणी करण्याची मागणी करा. आधी मंडळानं कारखान्याला दिलेलं संमतीपत्र वाचा. किती सांडपाणी, कुठं, कसं, हे सगळं त्यात अटी म्हणून लिहिलेलं असतं. मंडळाच्या वेबसाइटवर नाही मिळालं, तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा. शिवाय अटींचं रजिस्टर बाधित माणसाला बघू देणं मंडळावर कलम 25 नं बंधनकारकच आहे. 'अमुक अट मोडली' असं लिहिलेला अर्ज साहेबाला सहज बाजूला सारता येत नाही.

विहिरीची नुकसानभरपाई हवी असेल, तर पुण्याच्या हरित लवादाकडे (पर्यावरणाचे खटले चालवणारं न्यायपीठ) पाच वर्षांच्या आत जाता येतं. नुसतं प्रदूषण थांबवा म्हणायचं असेल, तर मुदत सहाच महिन्यांची. पहिल्यांदा पाणी बदललं ती तारीख आजच वहीत लिहा.

राहिली उसाची गोष्ट. तुमची खरी भीती तीच, आणि ती खोटी नाही. तोडीची चिठ्ठी लांबवायला कुणाला कारण लागत नाही. त्यामुळं एकट्याच्या नावानं अर्ज करू नका. ओढ्याकाठी आणखी विहिरी असतीलच. ग्रामसभेत ठराव घ्या आणि अर्ज ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर, सरपंचांच्या सहीनं, पोच घेऊन जाऊ द्या. एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. सरपंच कारखान्याच्या गटाचे निघाले, तर निदान पाच-सात जणांच्या सह्या एकाच कागदावर घ्या, आणि त्यात कारखान्याला ऊस न घालणारे दोघं-तिघं वर ठेवा.