मुलांच्या सहली येतात अशा प्राणी-उद्यानात शेळ्या, गाई, कोंबड्या सांभाळायचं काम रोज नेमकं काय असतं? (गोव्यात)

कुरवाळणं कमी, शेण-लेंड्या काढणं जास्त! सकाळी गोठा उघडला की झाडू हातात घेण्याआधी नजर फिरवायची: कोण रवंथ करत नाहीये, कोण कान पाडून कोपऱ्यात उभी आहे, कुणाची लेंडी पातळ झालीय. मग झाडलोट, पाणी, चारा. कोंबड्यांचं पटकन उरकतं.

खरी कसोटी पावसाळ्यात. जमीन सतत ओली, शेळ्यांच्या खुरांत चिखल अडकतो आणि खुरं सडतात. म्हणून फळ्यांचा उंच माचा हवाच. दीड-दोन महिन्यांनी खुरं छाटायची: पाय दुमडून धरायचा, चिखल खरवडायचा, वाढलेली कड कापायची, गुलाबी छटा दिसली की थांबायचं. उपाशीपोटी कोवळं ओलं गवत दिलं तर पोट फुगतं, आधी भाताचा सुका पेंढा.

सहल आली की पाव आणि वेफर्सवर लक्ष ठेवा. पाव जास्त झाला तर शेळीच्या पोटात आम्ल वाढतं, ती आडवी पडते. (मुलांपेक्षा मोठी माणसंच जास्त भरवतात.) निघताना सगळ्यांना साबणाने हात धुवायला लावणं हेही तुमचंच काम. गाय निवडायची संधी मिळाली तर गोव्याची पांढरी श्वेतकपिला घ्या, इथल्या पावसाला ती सरावलेली आहे.