वाचकांचे प्रश्न : हनिमून, अन्नपूर्णेच्या पायथ्याशी

गेल्या अंकात नेपाळमधल्या अन्नपूर्णा बेस कॅम्पच्या ट्रेकविषयी लिहिल्यावर आलेल्या पत्रांत लग्न ठरलेल्यांची पत्रं सर्वांत जास्त निघाली. त्यातली निवडक इथे घेतली आहेत.

नोव्हेंबरच्या अखेरीस आमचं लग्न आहे. सत्यनारायण झाला की दुसऱ्या दिवशी निघायचं ठरलंय. एजंटनं दिलेला कार्यक्रम असा : पोखऱ्याहून जीपनं झिनू आणि मुक्काम, दुसऱ्या दिवशी डोवान, तिसऱ्या दिवशी देउराली, चौथ्या दिवशी थेट बेस कॅम्पला मुक्काम. आम्ही दोघं दरवर्षी कळसूबाई करतो. जमेल ना? (नाशिक)

चालणं जमेल. चौथा दिवस मात्र बदलून घ्या.

कळसूबाई 1646 मीटर आणि बेस कॅम्प 4130, म्हणजे जवळपास अडीचपट. पायांची तयारी सह्याद्रीत होते, विरळ हवेची होत नाही. ती वर जाऊनच आणि सावकाशच होते. 3000 मीटरच्या वर गेल्यावर एका रात्रीतून दुसऱ्या रात्रीच्या मुक्कामाची उंची 500 मीटरपेक्षा जास्त वाढू नये, असा गिर्यारोहणातल्या डॉक्टरांचा दंडक आहे. दिवसभरात किती चढलात यापेक्षा झोपलात कुठे, याला महत्त्व. देउराली 3230 मीटरवर आहे, तिथून थेट बेस कॅम्प म्हणजे 900 मीटरची उडी. त्या रात्री डोकं ठणकतं, जेवण नको होतं, डोळ्याला डोळा लागत नाही, आणि पहाटे सोनेरी अन्नपूर्णा समोर असताना नवरदेव कॉटवर पडून असतात.

मध्ये माछापुच्छ्रे बेस कॅम्प आहे, 3700 मीटरवर. देउरालीहून दोन-अडीच तासांत पोहोचाल आणि पुढे दिवसभर करण्यासारखं काही नसतं म्हणून एजंट ते गाळतो. तिथे मुक्काम करा. दुपारी थोडं वर चालून या आणि झोपायला खाली परता. पाचव्या दिवशी पहाटे चारच्या सुमारास हेडटॉर्च लावून निघालात की दोन तासांत बेस कॅम्प. सूर्योदय बघून त्याच दिवशी डोवानपर्यंत उतरा किंवा तब्येत ठणठणीत असेल तर रात्र तिथे काढा. उतरताना एक दिवस झिनूला ठेवा, आणि वेळापत्रकात एक दिवस कोरा सोडा.

आता सत्यनारायणाच्या दुसऱ्या दिवशी निघण्याविषयी. हळदीपासून पूजेपर्यंत कुणाचीही झोप पुरी होत नाही आणि घसा तर हमखास बसतो. जागरणाचं डोकं आणि उंचीचं डोकं सारखंच दुखतं, त्यामुळे वर गेल्यावर नेमकं कशामुळे दुखतंय ते कळत नाही. चार दिवस घरी झोपा, मग निघा. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आकाश स्वच्छ असतं आणि गर्दी ओसरलेली असते. थंडी मात्र खरीखुरी, बेस कॅम्पला रात्री पारा उणे दहाच्या आसपास जातो. ताजा बर्फ पडला असेल तर ‘हिमालय’ नावाचा वाटेवरचा मुक्काम ते देउराली हा हिंकू गुहेजवळचा टप्पा सकाळी लवकर ओलांडा. ऊन चढलं की वरच्या कड्यावरचा बर्फ सुटून वाटेवर येतो. जानेवारी 2020 मध्ये याच भागातल्या हिमस्खलनात ट्रेकर आणि गाईड गेले. लॉजवाला ‘आज थांबा’ म्हणाला तर वाद घालू नका.

डायमॉक्स, म्हणजे उंचीचा त्रास टाळायची गोळी, घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून. नेहमीचा प्रतिबंधक डोस 125 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून. सल्फाची अॅलर्जी असेल तर आधी सांगा. बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला सारखं जावं लागतं, त्यानं घाबरू नका. गोळी घेऊनही डोकेदुखीसोबत उलट्या सुरू झाल्या, सरळ रेषेत चालता येईना किंवा बसल्याजागी धाप लागू लागली, तर सकाळची वाट न बघता खाली उतरायचं. दोघांनीही. जोडीदाराला गाईडबरोबर खाली पाठवून आपण वर जाऊन येऊ, असं ठरवणारेही असतात.

लग्नानंतर नाव बदलणार आहे. नेपाळला आधार कार्ड चालतं असं ऐकलं. (सोलापूर)

विमानानं जाणाऱ्या प्रौढांना चालत नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र, दोन्हींपैकी एक मूळ प्रत हवी. व्हिसा लागत नाही. तिकीट ओळखपत्रावरच्या नावानंच काढा, म्हणजे सध्या माहेरच्या. नाव बदलायचा अर्ज ट्रेकहून परत आल्यावर करा. अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्राचा परवाना सार्क देशांच्या नागरिकांना 1000 नेपाळी रुपयांना, म्हणजे आपल्या 625 रुपयांत मिळतो. दोन-दोन फोटो जवळ ठेवा. 2023 पासून गाईड सक्तीचा आहे. पोखरा सोडताना पुरेसे नेपाळी रुपये रोख घ्या, वर एटीएमच्या भरवशावर राहू नका.

सासूबाई म्हणतात, वर्षभर जोडवी काढायची नाहीत. बुटात त्रास होईल का? हिरव्या चुड्याचं काय? (सांगली)

जोडव्यांचा त्रास चढताना नाही, उतरताना होतो. वाटेवरच्या छोमरोंग गावाच्या दगडी पायऱ्या दोन हजारांहून जास्त आहेत. उतरताना प्रत्येक पायरीला पाऊल बुटात पुढे सरकतं, जोडवं शेजारच्या बोटाला घासतं आणि तासाभरात फोड येतो. त्यात दिवसभर चालून पाय सुजतात, मग जोडवं काढू म्हटलं तरी निघत नाही. सासूबाईंना हे एकदा समजावून बघा. बहुतेक सासवा ऐकतात. नाहीच ऐकलं तर मासोळ्या आणि जाड वेढी घरी ठेवून बारीक, चपटी, उघड्या टोकाची जोडवी घाला, त्यावर मायक्रोपोर पट्टीचे दोन वेढे द्या, आणि निघण्याआधी तोच बूट घालून सिंहगडासारखा एखादा गड उतरून बघा. बूट बस्त्याच्या खरेदीत घेऊन थेट वर न्यायचा नाही, आधी किमान चाळीस किलोमीटर पायात फिरलेला हवा. नखं कापूनच निघा.

काचेचा चुडा काठीच्या पट्ट्यात अडकून फुटतो आणि मनगट कापतं. एखादी बांगडी ठेवून बाकीच्या घरी ठेवा. अंगठी मात्र दोघांनीही बोटात ठेवू नका, उंचीवर बोटं सुजतात. मंगळसूत्रात ओवलेली बरी.

लग्नात पाळी येऊ नये म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत. ट्रेकवर काही अडचण? (नाव, गाव दिलेलं नाही)

हा प्रश्न विचारलात हे फार चांगलं केलंत. गोळ्या थांबवल्या की साधारण दोन-तीन दिवसांत पाळी येते. पूजेच्या दिवशी शेवटची गोळी घेऊन लगेच निघालात, तर ती पहिल्या-दुसऱ्या चढालाच गाठेल. चार दिवस घरी थांबायचं हेही एक कारण. ट्रेकपर्यंत गोळ्या लांबवायचं स्वतःच्या मनानं ठरवू नका. लांबचा प्रवास, कमी पाणी आणि हार्मोनच्या गोळ्या एकत्र आल्या तर रक्ताच्या गाठीचा धोका वाढू शकतो. ज्यांनी गोळ्या दिल्या त्यांनाच उंचीचा आकडा सांगून विचारा. घरात कुणाला तसा त्रास झाला असेल तर तेही सांगा. वापरलेले पॅड वर टाकायला जागा नसते, वर्तमानपत्रात गुंडाळून झिपच्या पिशवीतून पोखऱ्याला परत आणायचे. आणि निघायच्या आधी पाळी चुकली असेल तर डायमॉक्सचा विचारही करण्यापूर्वी तपासणी करून घ्या.

खोल्या कशा असतात? हनिमून आहे म्हणून विचारतोय. (ठाणे)

प्लायवूडच्या भिंती, दोन अरुंद कॉट, मध्ये एक फळी. शेजारचा कूस बदलतो तेही ऐकू येतं. छोमरोंगपर्यंत काही लॉजमध्ये जोडलेलं संडास-बाथरूम मिळतं, त्याच्या वर सगळं सामायिक. हंगामात बेस कॅम्पला चार-पाच जणांच्या खोलीत जावं लागतं, तेव्हा गाईडला आदल्या दिवशीच फोन करून दोघांची खोली धरायला सांगा. खोली स्वस्त मिळते ती जेवण तिथेच घ्याल या बोलीवर. डाळ-भात मागाल तितका वाढतात.

एक युक्ती : स्लीपिंग बॅग एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या घ्या, एक डाव्या चेनची आणि एक उजव्या. दोन्ही जोडून एक होते. भाड्यानं घेताना दुकानातच चेन लावून बघा, दात जुळत नसतील तर उपयोग नाही. बॅगेवर तापमानाचे वेगवेगळे आकडे असतात, ‘कम्फर्ट’चा बघायचा. ‘एक्स्ट्रीम’चा आकडा जीव वाचण्यापुरता असतो, झोप लागण्याचा नाही. झोपताना उकळत्या पाण्याची बाटली पायाशी ठेवा. झाकण घट्ट लावा, नाहीतर सगळी रात्र ओल्यात.

बाकी रोमान्स झिनूला. लॉजपासून अर्धा तास खाली मोदी खोला या नदीच्या काठी गरम पाण्याची कुंडं आहेत. उतरताना थकलेल्या पायांना तिथे जे वाटतं ते पंचतारांकित स्पामध्ये वाटत नाही. मात्र कुंडं सगळ्यांची आहेत, आणि परत तेवढंच चढायचं असतं.

पॅराग्लायडिंग ट्रेकच्या आधी करावं की नंतर? (कोल्हापूर)

नंतर. सारंगकोट परिसरातून उड्डाण आणि फेवा तलावाकाठी उतरणं, साधारण अर्धा तास. उतरताना पाय मुरगळला तर ट्रेक जातो. सकाळी उशिराची वेळ घ्या आणि पोट अर्धंच भरा, घिरट्यांमध्ये मळमळतं.

बेस कॅम्पला शॅम्पेन उघडायची इच्छा आहे. चिकनचा बेतही आहे. (पुणे)

छोमरोंगच्या वर मांस न्यायचं नाही, स्थानिक गुरुंग समाज तो परिसर पवित्र मानतो. दारूनं झोपेतला श्वास मंदावतो आणि उंचीचा त्रास बळावतो. बाटली पोखऱ्याच्या हॉटेलात ठेवून जा, चिकनही तिथेच.