वाट अडवणारी गाडी: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

चवथीनंतर (गणेश चतुर्थीनंतर) गोव्यातून आलेल्या पत्रांतली बरीचशी एकाच दुखण्याची आहेत: वाटेत उभी केलेली गाडी रुग्णवाहिकेची आणि बंबाची वाट अडवते. अग्निशमन सेवेत इतकी वर्षे काढली की अनोळखी वाड्यावर (वस्तीवर) गेलो तरी आधी वाटेची रुंदी नजरेने मोजतो. म्हणून ही पत्रे वाचताना जीव कासावीस झाला.

आमच्या वाड्याची वाट चौदा फूट. शेजारी कडेला गाडी लावतो आणि म्हणतो, ‘गाड्या जातात की!’ चवथीत आईच्या छातीत दुखू लागले तेव्हा १०८ तोंडाशीच अडली. तिला खुर्चीत बसवून उचलून न्यावे लागले. शेजाऱ्याचे बरोबर आहे का? (फोंडा)

नाही. टेप घ्या आणि त्याच्यासमोरच मोजा. चौदा फूट म्हणजे सव्वाचार मीटर. साधी मोटार पावणेदोन मीटर. चिऱ्यांच्या गडग्याला, म्हणजे कुंपणाच्या भिंतीला, चिकटवून कोणी गाडी लावत नाही, वीतभर जागा सुटतेच. उरले जेमतेम सव्वादोन मीटर, आणि बंब असतो अडीच मीटरच्या आसपास. स्कूटर आणि मारुती जातात म्हणून बंब जाईल असे होत नाही. गाडी वळणावर असेल तर विचारूच नका, लांब गाडीला वळताना मागची बाजू फिरायला जागा लागते.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. रुग्णवाहिकेतून स्ट्रेचर मागच्या दाराने निघतो. ती कशीबशी दारापर्यंत आली तरी मागे स्ट्रेचरभर मोकळी जागा नसेल तर आत-बाहेर करता येत नाही. हृदय बंद पडले तर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते, म्हणून मी या फुटा-मिटरांवर एवढा अडून बसतो. आईला चालवले नाही, खुर्चीतून नेले, हे तुम्ही अगदी योग्य केलेत.

गाडी दहा तास तशीच उभी असल्याशिवाय पोलिस उचलू शकत नाहीत, हे खरे का? (डिचोली)

अर्धेच खरे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ मध्ये दहा तासांची अट सोडून दिलेल्या गाडीसाठी आहे. पार्किंगला मनाई असलेल्या जागी उभी केलेली गाडी उचलायला ती अट लागू नाही. त्या हद्दीतला गणवेशातला पोलिस अधिकारी ती उचलण्याचा किंवा तिला जॅमर लावण्याचा आदेश देऊ शकतो, आणि उचलण्याचा खर्च मालकाच्या माथी पडतो. ११२ वर फोन करताना गाडीचा नंबर आणि जवळची खूण सांगा. फोटो काढाल तो असा, की दोन्ही बाजूंचे गडगे आणि मधली उरलेली जागा एकत्र दिसेल. नुसत्या नंबरप्लेटच्या फोटोवरून काही कळत नाही.

रोजचाच त्रास असेल तर पंचायतीचा ठराव घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे नो-पार्किंगची अधिसूचना मागा. फलक लागला की ‘इथे मनाई कुठे आहे?’ हा वाद संपतो. सार्वजनिक वाट कायमची अडवली असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली उपजिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

रुग्णवाहिकेला अडवल्यास दहा हजार दंड म्हणतात. मग उभ्या गाडीला किरकोळ चलन का? (म्हापसा)

कारण २०१९ साली मोटार वाहन कायद्यात आलेले कलम १९४ई चालत्या गाडीसाठी आहे. बंब किंवा रुग्णवाहिका येताना जो चालक बाजूला होत नाही, त्याला दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. वाहतुकीला अडथळा होईल अशी गाडी उभी करून ठेवणाऱ्याला कलम २०१ खाली पाचशेपर्यंत दंड. मला हे पटत नाही. चालता चालक निदान हॉर्न ऐकून सरकतो, बंद गाडी कोणाचे ऐकणार? डिसेंबर २०२५ मध्ये हडफड्याच्या नाइटक्लबला आग लागून २५ माणसे गेली, तेव्हा अरुंद वाटेमुळे बंब लांबच थांबवावे लागले होते. वाट मुळातच अरुंद असेल तिथे एका उभ्या गाडीचा अपराध लहान कसा मानायचा?

चाकाची हवा सोडली तर? (पेडणे)

कृपा करून तसे करू नका. नुकसानीची तक्रार तुमच्यावरच होईल, आणि चाक बसलेली गाडी हलवणे आणखी कठीण. गाडी ऑटोमॅटिक असली आणि ‘पी’वर ठेवलेली असली, तर इंजिन फिरवते ती चाके लॉक असतात. दहा जणांनी ढकलली तरी ती हटत नाही. टोइंगवाले चाकांखाली छोट्या ट्रॉल्या सरकवतात ते यासाठीच.

जत्रेत पिवळ्या अक्षरांच्या काळ्या प्लेटची भाड्याची गाडी आमच्या वाटेच्या तोंडावर होती. पर्यटक सापडेना. (साखळी)

तशा गाडीचा मालक भाड्याने देणाराच असतो, आणि चालवणारा कोणीही असला तरी उचलण्याचा खर्च मालकावर येतो. काचेवर त्याचा फोन असेल तर ११२ नंतर लगेच त्याला लावा, पर्यटकाचा नंबर त्याच्याकडेच मिळेल. पुढच्या जत्रेला मात्र देवस्थान समितीला आठ दिवस आधीच सांगून वाटेच्या तोंडावर दोरी बांधा आणि तिथे एक माणूस बसवा. रुग्णवाहिका आली की दोरी सोडायचे काम त्याचेच, आणि त्याने जेवायला जाताना दुसऱ्याला बसवूनच उठायचे.