'स्टेशनरी' असा एकच उच्चार असलेल्या दोन इंग्रजी शब्दांचे अर्थ आणि मूळ काय? असे शब्द लक्षात कसे ठेवावेत?

शेवटी ए-आर-वाय असेल तर स्थिर, जागचा न हलणारा. ई-आर-वाय असेल तर कागद, पेन, वह्या. पण तुम्ही मूळही विचारलंत, आणि याच जोडीवरून माझा एका वरिष्ठांशी खटका उडाला होता.

मी इंग्रजी शिकवतो. ही जोडी आली की आधी सांगतो ते लॅटिन 'स्टॅटिओ', म्हणजे उभं राहण्याची जागा. मध्ययुगीन युरोपात कितीतरी विक्रेते माल घेऊन फिरत. पुस्तकविक्रेते मात्र, विशेषतः विद्यापीठांजवळ, एका जागी दुकान मांडून बसत. असा ठिय्या मारून बसलेला तो 'स्टेशनर'. लंडनमध्ये त्यांचा संघ १४०३ मध्ये स्थापन झाला, १५५७ मध्ये त्याला राजसनद मिळाली. स्टेशनरकडचा माल ती स्टेशनरी, आणि स्टेशनरच्या शेवटचा ई-आर तिच्यात जसाच्या तसा उतरला.

तपासणीला आलेल्या वरिष्ठांनी मला मुलांसमोरच थांबवलं. "उच्चार जुळतो हा निव्वळ योगायोग. एन्व्हलपचा ई तोच कागदाचा ई, एवढं पाठ करून घ्या. नसत्या गोष्टी सांगू नका." मागच्या बाकावरच्या एका मुलीने तोवर वहीत दुकान काढून आत बसलेल्या माणसाच्या पाटीवर मोठा ई लिहिला होता. तिने ते पान हाताने झाकलं. मला ते अजून खुपतं.

योगायोग कसला? फूल आणि पीठ या अर्थांचे दोन 'फ्लावर' मुळात एकच. दळलेल्या गव्हाचा सगळ्यात बारीक, उत्तम भाग ते गव्हाचं 'फूल'. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या शब्दकोशातही पिठाचं स्पेलिंग वेगळं नाही. मुख्याध्यापक आणि तत्त्व या अर्थांचे 'प्रिन्सिपल'ही 'प्रिन्सेप्स', म्हणजे पहिला, या एकाच लॅटिन शब्दाची लेकरं. एन्व्हलपची युक्ती परीक्षेपुरती चालते. शब्द कळतो तो त्याची गोष्ट ऐकून. वर्गात वेळ जातो अशी कुणी तक्रार केली तर व्युत्पत्तिकोश उघडून त्याच्यासमोर ठेवा.

हां, प्रत्येक जोडीत नातं असतंच असं नाही. बेट या अर्थाचे 'आईल' आणि 'आयलंड' सख्खे वाटतात, पण आईल लॅटिन 'इन्सुला'वरून आला आणि आयलंड अस्सल जुना इंग्रजी. त्यातला मुका एस सोळाव्या शतकात आईलच्या देखादेखी घुसला.