निवड झाली, आता पैसे भरा!

प्रश्न : मुलीनं चित्रकलेची पदवी घेतली, त्याला दीड वर्ष झालं. ती घरीच काम करते. दोन ग्रुप शोमध्ये तिची चित्रं लागली, पण विकलं एकही गेलं नाही. मागच्या आठवड्यात परदेशातल्या एका गॅलरीचा मेल आला. इन्स्टाग्रामवरची चित्रं पाहून तिची ‘निवड’ झाली आहे म्हणतात. दोन चित्रांच्या जागेचं शुल्क भरायचं, कॅटलॉगचं वेगळं, चित्रं पाठवायचा नि परत आणायचा खर्चही आमचाच. मुदत महिनाअखेरपर्यंत. मुलगी म्हणते, अशी संधी पुन्हा यायची नाही. ओढाताण करून पैसे उभे करू शकतो. भरावेत का? आणि मनातलं विचारतो, नुसत्या चित्रकलेवर माणूस जगतो का? की आधी नोकरी कर आणि चित्रं छंद म्हणून काढ, असं तिला सांगू?
– एक वडील

नमस्कार.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देते : भरू नका. दुसऱ्याला जरा वेळ लागेल.

मेलची प्रत जोडलीत ते बरं केलंत. ती पुन्हा एकदा वाचा. ‘तुमच्या कामातली ऊर्जा आणि भावनिक खोली आम्हाला फार भावली’ असं त्यात आहे. कोणत्या चित्रातली? एकाही चित्राचं नाव नाही, रंगाबद्दल किंवा विषयाबद्दल अवाक्षर नाही. हे वाक्य जगातल्या कुठल्याही चित्रकाराला पाठवता येईल, आणि बहुधा पाठवलंही असेल. निवड कुणी केली, तेही लिहिलेलं नाही. सोबत कोण कोण चित्रकार आहेत, हे गुलदस्त्यात. शुल्काचा तक्ता मात्र चोख आहे. भिंतीची लांबी वाढली की रक्कम वाढते.

अशा गॅलऱ्यांना ‘व्हॅनिटी गॅलरी’ म्हणतात. त्यांचं गणित समजून घ्या, म्हणजे मुलीलाही समजावता येईल. नेहमीची गॅलरी चित्र विकलं गेलं की त्यातला वाटा घेते. हा वाटा बहुतेक ठिकाणी ४० ते ५० टक्के असतो. ऐकायला तो भरमसाट वाटतो. पण चित्र विकलं नाही तर गॅलरीच्याही हातात भोपळाच येतो. म्हणून ती संग्राहकांना फोन करते, समीक्षकांना बोलावते, चित्रकाराचं नाव दहा ठिकाणी काढते. तुमच्याकडे मेल पाठवणाऱ्यांची कमाई उद्घाटनाआधीच खिशात पडलेली असते. पुढे चित्र विकायची खटपट त्यांनी कशासाठी करावी? शिवाय ज्यांच्या मताला या क्षेत्रात वजन आहे, त्यांना अशा जागा ठाऊक असतात. बायोडेटात ‘आंतरराष्ट्रीय प्रदर्शन’ अशी ओळ वाढेल, पण तिचा उपयोग फारसा नाही.

याचा अर्थ चित्रकारानं पदरचे पैसे घालून प्रदर्शन करणं वाईट, असा नाही. भाड्यानं दालन देणारी गॅलरी उघडपणे भाडं मागते, ‘निवड’ विकत नाही. तो सरळ व्यवहार आहे. इम्प्रेशनिस्ट म्हणून आज जगभर ओळखले जाणारे चित्रकार १८७४ मध्ये काय करत होते? मोने, रन्वार, देगा, पिसारो, बेर्त मोरिझो अशा तीस-एक जणांनी वर्गणी काढली, पॅरिसमध्ये नादार या छायाचित्रकाराचा जुना स्टुडिओ घेतला आणि १५ एप्रिलला स्वतःचं प्रदर्शन उघडलं. ‘सालों’ या पॅरिसच्या अधिकृत प्रदर्शनाच्या परीक्षकांचा त्यांना कंटाळा आला होता. पैशांच्या बाजूनं प्रदर्शन आपटलं, मंडळीची संस्था त्याच वर्षी गुंडाळावी लागली. तरी भिंती त्यांच्या होत्या, कुणाचं चित्र कुणाशेजारी लागेल हे त्यांनी ठरवलं आणि पाहायला माणसं आली. लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी १९८८ मध्ये गोदी भागातल्या एका रिकाम्या इमारतीत ‘फ्रीझ’ नावाचं प्रदर्शन असंच आपलं आपण उभं केलं. त्यात पुढाकार डेमियन हर्स्टचा, म्हणजे आज जगभर गाजलेल्या ब्रिटिश कलाकाराचा होता आणि तेव्हा तो विद्यार्थीच होता. तुमच्या मुलीनं चार मैत्रिणींबरोबर असं काही करायचं म्हटलं, तर त्यात जरूर पैसे घाला.

आता तिच्याबद्दल. तुमच्या पत्रात प्रदर्शनं आहेत, विक्री आहे, संधी आहे. दीड वर्षात तिनं काय काम केलं, याबद्दल एक ओळही नाही. (पालकांच्या पत्रात ती सहसा नसतेच, म्हणून मुद्दाम विचारते.) कुणी क्युरेटर, म्हणजे प्रदर्शनासाठी कामं निवडणारा माणूस, उद्या खरंच घरी आला, तर तो सुटं छान चित्र पाहून थांबणार नाही. एकमेकांशी नातं असलेली दहा-पंधरा कामं मागेल. याआधी काय करत होतीस, यानंतर कुठे जायचंय, असं विचारेल. एखादं फसलेलं चित्र कोपऱ्यात उलटं ठेवलेलं असेल तर तेही बघू दे म्हणेल. त्या वेळी तिच्याकडे बोलायला काही हवं. ते सलग कामातूनच येतं.

चित्रकाराच्या दिवसाबद्दल घरच्यांच्या कल्पना बऱ्याचदा सिनेमातल्या असतात : लहर आली की रात्रभर काम, नाहीतर आठवडाभर छताकडे बघत बसायचं. ओन कावारा या जपानी चित्रकारानं ४ जानेवारी १९६६ पासून एक मालिका सुरू केली. सपाट रंगावर फक्त त्या दिवसाची तारीख हातानं रंगवायची. मध्यरात्रीपर्यंत चित्र पुरं झालं नाही तर नष्ट करायचं. रोज नाही, पण जवळजवळ अर्धं शतक त्यानं हे चालवलं. दुसऱ्या टोकाला आपले वासुदेव गायतोंडे. वर्षाकाठी मोजकीच चित्रं करत, बाकीचा वेळ बघण्यात आणि विचारात. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयानं २०१४ मध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं, तेव्हा ते जाऊन तेरा वर्षं झाली होती. दोघांच्या कामाचा वेग अगदी वेगळा, पण आपली पद्धत दोघांनीही सोडली नाही. तुमच्या मुलीला तिची पद्धत अजून सापडायची आहे, आणि दीड वर्ष त्यासाठी फार नाही.

जगण्याचं काय? चित्रांच्या विक्रीवरच घर चालवणारे चित्रकार थोडे असतात. सुरुवातीच्या वर्षांत तर फारच थोडे. हे तिलाही स्पष्ट सांगा, लपवण्यात अर्थ नाही. कार्मेन हेरेरा या क्युबन-अमेरिकन चित्रकर्तीनं आयुष्यभर चित्रं काढली आणि तिचं पहिलं चित्र २००४ मध्ये विकलं गेलं, वयाच्या ८९ व्या वर्षी. घर नवऱ्याच्या शिक्षकाच्या पगारावर चालत होतं. ही गोष्ट प्रेरणा म्हणून फार सांगितली जाते. मी सांगते ती सावध करायला.

म्हणून नोकरी हवीच. पण ‘चित्रं छंद म्हणून काढ’ हे वाक्य घरात उच्चारू नका. त्यातून तिला एवढंच ऐकू येईल की बाबांनी आशा सोडली. भूपेन खख्खर चार्टर्ड अकाउंटंट होते. बडोद्यात बराच काळ ते हिशेबनिसाची नोकरी करत आणि उरलेल्या वेळात चित्रं काढत. १९९२ मध्ये जर्मनीतल्या कासेलच्या ‘डॉक्युमेंटा’ या मोठ्या कलाप्रदर्शनात त्यांचं काम होतं, २०१६ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. त्यांच्या चित्रकलेला कुणी छंद म्हणेल का? अमेरिकन चित्रकार रॉबर्ट रायमन न्यूयॉर्कला गेला तो सॅक्सोफोन वाजवायला. १९५३ ला त्यानं आधुनिक कला संग्रहालयात पहारेकऱ्याची नोकरी धरली आणि सातेक वर्षं केली. दिवसभर चित्रांसमोर उभं राहून तो बघायला शिकला आणि तिथूनच रंगवायला लागला. १९९३ मध्ये त्याच संग्रहालयात त्याचं मोठं प्रदर्शन लागलं.

नोकरी कोणती, याबद्दल माझं मत थोडं उफराटं वाटेल. चित्रकलेची पदवी म्हणजे शाळेत कला-शिक्षक, हे समीकरण सगळ्यांना सोयीचं असतं. काहींना ते मानवतंही. पण दिवसभर मुलांच्या चित्रांत डोकं घातल्यावर संध्याकाळी स्वतःच्या कॅनव्हाससमोर उभं राहायला तीच ताकद लागते, आणि ती संपलेली असते. त्यापेक्षा ठरावीक तासांची, घरी काही न आणणारी साधी नोकरी बरी.

आणखी एक वाट आहे, जिकडे फार कुणी बघत नाही : प्रदर्शन उभं करणाऱ्या माणसांची. भिंतीवर चित्र लागण्यापूर्वी कितीतरी कामं होतात. पेटी उघडली की आधी चित्राची तपासणी : कुठे ओरखडा, कुठे रंगाचा पोपडा, कागदाचा कोपरा दुमडलाय का. त्याची लेखी नोंद होते, फोटो निघतात, सही होते. परत जाताना पुन्हा तेच. वेगवेगळ्या आकारांची चित्रं एका रांगेत दिसावीत म्हणून वरची कड जुळवत नाहीत. प्रत्येकाचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर आणतात, कारण उभ्या माणसाची नजर तिथे पडते. जलरंगातलं किंवा कागदावरचं काम असेल तर उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास, म्हणजे मंदच ठेवतात, नाहीतर रंग उडतो. या कामांसाठी संग्रहालयांना आणि गॅलऱ्यांना डिस्प्लेची माणसं, नोंदी ठेवणारे, चित्रांची डागडुजी करणारे लोक लागतात. अशा ठिकाणी सहा महिने काढले तर कोणती गॅलरी कशी चालते, हे तिला आतून कळेल. मग असल्या मेलना ती स्वतःच हसेल.

तिच्यासाठी एवढंच करा : घरात एक जागा ठरवून द्या, जिथून जेवणाच्या वेळी रंग उचलावे लागणार नाहीत. आणि वर्षभर ‘शो कधी?’ हा प्रश्न बंद. तिनं झालेल्या प्रत्येक कामाचा नीट फोटो काढावा आणि शीर्षक, वर्ष, माध्यम, उंची गुणिले रुंदी असं लिहून ठेवावं. नंतर हे आठवत नाही. कुठल्याही गॅलरीला चित्र देताना लेखी करार हवा. त्यात चित्राची किंमत, गॅलरीचा वाटा, विक्रीनंतर किती दिवसांत पैसे, मोडतोड झाली तर भरपाई कुणाची आणि चित्र परत कधी, हे सगळं असावं. ओळखीचे आहेत म्हणून करार टाळू नये.

राहिला तो मेल. नुसतं ‘नाही’ म्हटलं तर तिच्या मनात सल राहील आणि पुढची दहा वर्षं तो तुमच्या नावावर जमा होईल. म्हणून तिला स्वतःच उत्तर लिहू द्या. निवड कुणी केली, माझी नेमकी कोणती दोन चित्रं आणि ती का, मागच्या प्रदर्शनातल्या तीन चित्रकारांशी मला बोलता येईल का, आणि शुल्काऐवजी विक्रीतला वाटा घेऊन चित्रं लावाल का. या चारही प्रश्नांची धड उत्तरं आली, तर ती मला पाठवा. मी माझं मत बदलायला तयार आहे.