इन्सुलिन सुरू झाले, आता गाडी सोडायची का?

"इन्सुलिन सुरू झालं म्हणजे गाडी बंदच का?" हा प्रश्न मी समुपदेशन करताना इतक्यांदा ऐकला आहे की, त्यामागची भीती बहुधा सुईची नसून परावलंबनाची असते, असे माझे ठाम मत झाले आहे. अशाच एका पन्नाशीतील गृहस्थांची हकिकत, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून, येथे सांगते.

ज्या दिवशी गाडी चालवायची असेल त्या दिवशी इन्सुलिनचा सकाळचा डोस ते परस्पर गाळत असत. साखर चढलेली असली म्हणजे ती अचानक उतरण्याचा धोका नाही, असा त्यांचा हिशेब होता. चढलेल्या साखरेनेही दृष्टी धूसर होते आणि डोस असे गाळणे जिवावर बेतू शकते, हे डॉक्टरांनी त्यांना सांगून झाले होते. तेच मी पुन्हा सांगण्यात अर्थ नव्हता. माझा कल विवेकनिष्ठ विचारपद्धतीकडे असल्यामुळे, माणूस अशा वेळी स्वतःशी काय बोलतो, ते मी शोधते.

"गाडी चालवताना साखर कधी कमी झाली होती का?"

"एकदा. घाम फुटला, हात थरथरायला लागले. पण घर जवळ आलं होतं, म्हणून थांबलो नाही."

"थांबला असतात तर काय झालं असतं?"

बराच वेळ ते हातातल्या किल्लीशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "मुलगी मागे बसली होती. तिच्यासमोर थांबलो असतो, तर मी आजारी आहे हे कबूल केल्यासारखं झालं असतं."

त्यानंतर पसरलेली शांतता मी मोडली नाही, आणि ते योग्यच झाले असे आजही वाटते, कारण पुढचे वाक्य त्यांचे त्यांनाच सुचले: "म्हणजे ती गाडीत असतानाच मी सगळ्यात मोठा धोका पत्करला."

थांबणे म्हणजे हार, हे त्यांनी मनाशी धरलेले समीकरण त्या दिवशी मोडले. पुढचे काम सोपे होते. ब्रिटनमध्ये इन्सुलिन घेणाऱ्या चालकांसाठी असलेले नियम मी त्यांच्यापुढे ठेवले: निघण्यापूर्वीच्या 2 तासांत साखर तपासायची आणि लांबच्या प्रवासात दर 2 तासांनी पुन्हा. साखर दर डेसिलिटर रक्तात 90 मिलिग्रॅमच्या खाली असेल तर आधी खायचे. 70 च्या खाली असेल किंवा लक्षणे जाणवली तर गाडी सुरक्षित जागी थांबवायची, इंजिन बंद करून चालकाची जागा सोडायची आणि 15 ग्रॅम ग्लुकोज घेऊन 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचे. (चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर सावकाश चढते.) आकडा पूर्ववत झाला तरी मेंदूला सावरायला वेळ लागतो, म्हणून त्यानंतरही 45 मिनिटे थांबायचे. साखर उतरल्याची लक्षणे जाणवेनाशीच झाली असतील, तर मात्र डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवेपर्यंत गाडीला हात लावू नये, याबाबत मी तडजोड करत नाही. परवान्याचे नियम देशागणिक वेगळे असतात; आपल्याकडचे नियम पाहून परवाना देणाऱ्या कार्यालयाला आणि विमा कंपनीला आवश्यक ती माहिती द्यावी, लपवू नये.

डोस गाळण्याची गोष्ट त्यांनी अखेर डॉक्टरांना स्वतःहून सांगितली आणि डॉक्टरांनी डोसचे प्रमाण व वेळ बदलून दिली. गाडी ते आजही चालवतात. ग्लुकोजच्या गोळ्या कुठे ठेवल्या आहेत, हे त्यांच्या मुलीलाही ठाऊक आहे.