जुन्या नाताळच्या रेकॉर्ड्स डिजिटल करून लोकांना वाटल्या तर त्यांची किंमत कमी होते का? आणि असल्या विचित्र रेकॉर्ड्स जमवायला सुरुवात कुठून करावी?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर, नाही होत. दुसऱ्याचं शेवटी सांगतो, आधी मला जरा बोलू द्या कारण याच "किंमत कमी होते" वरून माझं आणि माझ्या मामेभावाचं कितीतरी दिवस बोलणं बंद होतं आणि आताही बोलायलोय ते नीट नाहीच.

आमचे मोठे मामा जालन्याला एका मिशन दवाखान्यात ड्रायव्हर होते. तिथल्या परदेशी सिस्टर मायदेशी परत जाताना रेकॉर्डची पेटी मामांना देऊन गेल्या. त्यात भुंकणाऱ्या कुत्र्यांची रेकॉर्ड होती. ऐकली नसेल तर शोधून ऐका, १९५५ ची आहे. डेन्मार्कचा कार्ल वाइसमन म्हणून माणूस पक्ष्यांचे आवाज रेकॉर्ड करायचा, मधेच कुत्री भुंकायची म्हणून तो तेवढी टेप कापून काढायचा, मग त्याच तुकड्यांतून सुराप्रमाणे भुंकणं जोडून गाणी बनवली, त्यात जिंगल बेल्सही आहे. मामा ही रेकॉर्ड वर्षातून एकदाच लावायचे, चोवीस डिसेंबरला, कॅरोलवाली पोरं ढोलकी घेऊन दारात आली की. गल्लीतली कुत्री बाहेरून साथ द्यायची. मग रेकॉर्ड परत पेटीत आणि किल्ली मामांच्या करदोड्याला.

पण पेटीतला खरा माल वेगळा होता. एक तबकडी होती, लेबल कोरं, त्यावर शाईने इंग्रजीत "ख्रिसमस, हॉस्टेल गर्ल्स" एवढंच लिहिलेलं. ही कंपनीत छापलेली रेकॉर्ड नव्हे, अशा तबकड्यांवर आवाज थेट कापतात, ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर काळा थर असतो आणि मधल्या भोकाशेजारी अजून एकदोन बारकी भोकं असतात. अशी एकच प्रत असते. त्यावर हॉस्टेलच्या पोरींनी मराठीत गायलेली नाताळची गाणी होती आणि त्या पोरींत माझी धाकटी मावशी होती. मामा ही कुणाला ऐकू द्यायचे नाहीत, म्हणायचे वाजवली की झिजते. टेप करू म्हटलं तर म्हणायचे, मग हिच्यात काय राहिलं.

तर एका चोवीस तारखेला सगळे रात्रीच्या उपासनेला गेले, मी ताप आलाय म्हणून घरी थांबलो. किल्ली त्या दिवशी कुठे असते ते मला माहीत होतं कारण करदोडा बदलून नवे कपडे घातले होते मामांनी. शेजारचा टू-इन-वन (रेडिओ आणि कॅसेट रेकॉर्डर एकत्र) आणला, मामांच्या फिएस्टा रेकॉर्ड प्लेअरच्या पुढ्यात स्टुलावर ठेवला, पंखा बंद केला आणि दोन्ही बाजू कॅसेटवर घेतल्या. तिसऱ्या गाण्यात काचीगुडा गाडीची शिट्टी आलीये, येऊ द्या. शेवटी एका बाईंचा आवाज आहे, "पुरे आता, झोपा." त्या कॅसेटची मी पुढे फाइल केली आणि मामा गेल्यावर घरच्या ग्रुपवर टाकली. मावशीचा परभणीहून लगेच फोन, रडत वगैरे नाही, भांडत, की दुसऱ्या कडव्यात जी बेसूर आहे ती मी नाही, ती कोण ते मी सांगते. आता ती गाणी परभणी, नांदेड, वैजापूर कुठकुठल्या लोकांच्या फोनमध्ये आहेत आणि ज्यांच्या आया, आज्या त्या हॉस्टेलात होत्या ते मला आवाज ओळखून मेसेज करतात.

मामेभाऊ म्हणाला ही चोरी आहे. पुण्याचा एक जण चांगले पैसे देणार होता म्हणे, आता सगळ्या गावाने ऐकल्यावर कोण देतं. बरं, ती तबकडी त्याने ठेवली कुठे होती? माळ्यावर, पत्र्याखाली. मराठवाड्यातला मे महिना पत्र्याखाली कसा असतो हे जालन्याच्या माणसाला मी काय सांगू. वरचा काळा थर दुष्काळातल्या रानासारखा भेगाळून पत्र्यापासून सुटलाय, त्यावर आता सुई ठेवता येत नाही. असले थर सुकून आकसतातच, उन्हाळ्याने फक्त लवकर झालं. म्हणजे मी "चोरी" केली नसती तर मावशीचं ते बेसूर, म्हणजे जिचं कुणाचं असेल ते, गेलंच होतं.

झिजते म्हणून वाजवायची नाही हे अर्धंच खरं आहे. अमेरिकन गायक बिंग क्रॉस्बीचं व्हाइट ख्रिसमस १९४२ मध्ये रेकॉर्ड झालं आणि त्या मास्टरवरून, म्हणजे ज्यावरून प्रती काढतात त्या मूळ रेकॉर्डिंगवरून, इतक्या प्रती काढल्या की मास्टरच झिजला, म्हणून १९४७ ला परत गाऊन घ्यावं लागलं. पुढे आपण ऐकतो ते बहुतेक हे दुसरं. झिजणार आहे म्हणूनच नक्कल काढायची. आणि किंमतीचं म्हणाल तर बीटल्सने १९६३ ते १९६९ दर नाताळला फॅन क्लबच्या मेंबरांसाठी पातळ प्लास्टिकची रेकॉर्ड काढली, नुसती बडबड आणि चेष्टा, आज ती सगळी फुकट ऐकायला मिळते तरी मूळ रेकॉर्डला लोक पैसे मोजतातच. ज्याला वस्तू पाहिजे तो वस्तू घेतो. ऐकणारा वेगळा माणूस आहे, त्याला अडवून तुम्हाला काय मिळतं?

बरं, सुरुवात. संभाजीनगरच्या छावणीचा गुरुवारचा बाजार फिरा पण नाताळचं काही मिळेल ही आशा ठेवू नका, हिंदी सिनेमाचे फुटके एलपी मिळतील. खरा माल सिकंदराबादच्या जुन्या ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन घरांत, ओळख काढून जावं लागतं. अमेरिकन गायक जिम रीव्हजचा १९६३ चा नाताळचा एलपी कुणी दुर्मिळ म्हणून विकायला लागला तर तिथून निघा, तो घरोघरी होता. ७८ ला, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डला, एलपीची सुई लावू नका आणि लाखेच्या रेकॉर्डला स्पिरिट तर अजिबात नाही, लाख विरघळते.

हां, एक राहिलं. वाटा म्हणालो म्हणजे काहीही अपलोड करा असं नाही. आपल्याकडे रेकॉर्डिंगचा कॉपीराइट प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, गाण्याच्या कवीचा आणि संगीतकाराचा हक्क वेगळा, त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. त्यामुळे १९८० चं काही चॅनेलवर टाकून पैसे कमवायला जाल तर नोटीस येईल, मग माझं नाव घेऊ नका. घरगुती तबकडी असेल तर त्यात गाणाऱ्यांना विचारा. मी मावशीला आधी विचारलं नव्हतं पण ती माझी मावशी आहे.

मामेभाऊ इथे रोज येऊन वाचतो, लिहीत नाही. तर दादा, कुत्र्यांची रेकॉर्ड आणि बाकीची पेटी अजून त्याच माळ्यावर आहे हे मला मामीने सांगितलंय. मार्चच्या आत घेऊन ये. ७८ ची सुई माझ्याकडे आहे, तुझ्या नावानेच टाकतो, पाहिजे तर.